‘नागर’ म्हणजे नेमकं कोण?

मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावरची शिधापत्रिका हातात घेतली तर तिच्यावरच्या खात्याच्या नावात ‘नागरी पुरवठा’ हे शब्द असतात. आसपास कोसभर नगर नाही, तरी तांदूळ-गहू येतो तो नागरी पुरवठ्याचा. तालुक्याच्या गावी आलं की पाटी दिसते ‘नागरी सहकारी बँक’. इथे मात्र नागरी म्हणजे शहरातली. सिन्नरला गोंदेश्वराचं देऊळ बघायला गेलं की माहीतगार माणूस ‘नागर’ परंपरा सांगू लागतो. आणि वर्तमानपत्रात एखाद्या निवृत्त प्राध्यापकांवरचा मृत्युलेख आला की त्यात हमखास असतं, ‘अत्यंत नागर, सुसंस्कृत व्यक्तिमत्त्व’.

शब्दांचं घराणं एकच, पण प्रत्येक ठिकाणी काम वेगळं. त्यातल्या शेवटच्या ‘नागर’वर, म्हणजे शहरी वळण सांगणाऱ्या विशेषणावर, इथे जास्त थांबायचं आहे. कारण तो सगळ्यांत कमी वापरला जातो आणि सगळ्यांत जास्त काही बोलून जातो. बोलताना तो कुणी वापरत नाही. ‘तुमचा जावई फार नागर आहे हो’ असं कोणी म्हणणार नाही. ‘पॉलिश्ड’ म्हणतील, ‘सोफिस्टिकेटेड’ म्हणतील. ‘नागर’ हा लिहिणाऱ्यांचा शब्द आहे. समीक्षेत, नाट्यपरीक्षणात, संगीतावरच्या लेखात तो भेटतो, आणि वाचणारा ‘शहरी’ असा अर्थ लावून पुढे जातो. तिथेच घोटाळा होतो.

व्युत्पत्ती सोपी आहे. नगरातला तो नागर, जसा पुरातला तो पौर. म्हणून महापालिकेचा प्रमुख तो महापौर. हा शब्द सावरकरांनी रुळवला. पण नगरात राहतो तो नागर, एवढ्यावर हा शब्द कधीच थांबला नाही. पाणिनीपासूनच नाही.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत एक छोटंसं सूत्र आहे: ‘नगरात् कुत्सनप्रावीण्ययोः’. कुत्सन म्हणजे निंदा, प्रावीण्य म्हणजे कसब. सूत्र सांगतं की या दोन अर्थांपैकी एखादा असेल, तर ‘नगर’ला वेगळा प्रत्यय लागतो आणि ‘नागरक’ असं रूप होतं. नुसतं ‘नगरातला’ म्हणायचं असेल तर साधं ‘नागर’. सातव्या शतकातल्या काशिका या टीकेत त्याची उदाहरणं आहेत. एक: ‘चोरा हि नागरका भवन्ति’, शहरातले लोक चोरच असतात. दुसरं: सुंदर चित्र कुणी काढलं असेल? शहरातल्याच कुणीतरी, कारण ‘प्रवीणा हि नागरका भवन्ति’. आणि निंदाही नाही, कौतुकही नाही अशा वेळी काय म्हणायचं, तर ‘नागरा ब्राह्मणाः’, नगरातले ब्राह्मण, बास.

व्याकरणाच्या पुस्तकात हे सापडतं तेव्हा गंमत वाटते. शहरातल्या माणसाबद्दल आपली दोन मतं आजही हीच आहेत. एक तर तो गळा कापेल, नाहीतर त्याच्या हातात कला असेल. मुंबईला निघालेल्या पोराला ‘पाकीट सांभाळ’ सांगणारी आजी आणि ‘मुंबईच्या डॉक्टरला दाखवा’ म्हणणारी आजी एकच असते. पाणिनीनं तिच्यासाठी प्रत्यय राखून ठेवला होता.

पुढे वात्स्यायनानं या नागरकाचं अख्खं दिनमान लिहिलं. कामसूत्र म्हटलं की लोक ज्या भागाकडे धाव घेतात तो सोडून पहिल्या अधिकरणातला चौथा अध्याय वाचा: ‘नागरकवृत्त’. त्यात शरीरसंबंध फार थोडा आणि घरसजावटच जास्त. पाण्याजवळ घर असावं, त्याला बाग असावी. खोलीत खुंटीला वीणा टांगलेली, चित्र काढायचा फलक, रंग-कुंचल्यांची डबी, कोरांटीच्या माळा, आणि ‘यः कश्चित् पुस्तकः’, म्हणजे कुठलंतरी एक पुस्तक. कुठलं ते महत्त्वाचं नाही, दिसायला हवं! अंघोळ रोज, अंगमर्दन दिवसाआड, फेस येणारं द्रव्य तिसऱ्या दिवशी, दाढी चौथ्या दिवशी. दुपारी पोपट-मैनांना बोलायला शिकवायचं, कोंबड्यांच्या झुंजी बघायच्या, मग थोडी झोप आणि नटूनथटून गोष्ठीला जायचं. ही गोष्ठी म्हणजे गप्पांची बैठक.

त्या गोष्ठीत कसं बोलावं याचाही नियम आहे. अगदीच संस्कृतात बोलू नये, अगदीच देशभाषेतही बोलू नये. असा मध्यावर राहून जो बोलतो त्याला लोक मानतात. आता संस्कृतच्या जागी इंग्रजी ठेवा आणि बाणेरच्या किंवा पवईच्या एखाद्या घरातल्या शनिवार संध्याकाळच्या गप्पा ऐका. पूर्ण इंग्रजी बोललं तर आगाऊ, पूर्ण मराठी बोललं तर ‘किती शुद्ध बोलता तुम्ही!’ असं ऐकून घ्यावं लागतं. मिश्रणाचं प्रमाण जमणं हीच नागरकाची परीक्षा तेव्हाही होती.

याच अध्यायात एक वाक्य असं आहे की ज्यामुळे पुढचं सगळं समजायला सोपं जातं. गावात राहणाऱ्यानं काय करावं? तर आपल्यासारख्याच हुशार, उत्सुक लोकांना गोळा करावं, नागरकांचं वागणं त्यांना वर्णन करून सांगावं, त्याची आवड लावावी आणि तसंच वागावं. म्हणजे गावात राहूनही नागरक होता येतं. वात्स्यायनाच्या लेखी नागरकपण ही एक राहणी आहे. पैसा, सवड आणि सराव असला की ती कुठेही थाटता येते. नगर तिला सोयीचं, इतकंच.

मात्र त्याच काळाच्या आगेमागे ‘नागरक’ हा सरकारी हुद्दाही होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरक हा शहराचा कारभारी आहे. त्यानं घरटी नोंदी ठेवायच्या, आगीची काळजी घ्यायची, रात्री फिरणाऱ्यांवर नजर ठेवायची. रस्त्यात धूळमाती टाकली तर ‘पण’ या तेव्हाच्या नाण्याचा आठवा भाग दंड, चिखलपाण्यानं रस्ता अडवला तर पाव पण. कालिदासाच्या शाकुंतलात अंगठी सापडलेल्या कोळ्याला मुसक्या बांधून आणणारा जो अधिकारी आहे तो ‘नागरिक’, म्हणजे आपला कोतवाल. आज पोलिसांच्या दारात ताटकळत उभा राहतो तो नागरिक. तेव्हा नागरिक हाच पोलीस होता.

तर एकीकडे रसिक नागरक, दुसरीकडे दंड करणारा नागरक. मराठीत ‘नागर’ आणि ‘नागरी’ हे जे दोन फाटे दिसतात त्यांची मुळं साधारण अशी. एक फाटा कौतुकाचा, दुसरा कारभाराचा.

मराठीत कौतुकाचा फाटा आधी फुलला, आणि तोही ज्ञानेश्वरीत. पहिल्या अध्यायात महाभारताचं वर्णन करताना ज्ञानेश्वर म्हणतात, ‘नातरी नगरांतरीं वसिजे, तरी नागराचि होइजे’. नगरात जाऊन राहिलं की माणूस नागर होतोच, तसं व्यासांच्या वाणीच्या तेजानं सगळं उजळून निघालं. इथे अर्थ सरळ आहे: शहराच्या संगतीनं माणसाला वळण लागतं. पण दहाव्या अध्यायातली ओवी बघा:

‘देशियेचेनि नागरपणें । शांतु शृंगारातें जिणे । तरि ओंविया होती लेणें । साहित्यासि ॥’

देशी म्हणजे मराठी. तिच्या नागरपणाच्या जोरावर शांतरस शृंगारालाही जिंकील आणि ओव्या साहित्याचा दागिना होतील. 1290 साली, संस्कृत पंडितांच्या लेखी जी बोली रांगडी होती तिच्याबद्दल ज्ञानेश्वर ‘नागरपण’ हा शब्द वापरतात. नागरपण नगराकडून घेतलं आणि देशीला देऊन टाकलं. माझ्या मते या शब्दाच्या मराठी आयुष्यातला हा सगळ्यांत मोठा क्षण आहे, आणि ‘नागर साहित्य विरुद्ध ग्रामीण साहित्य’ अशी वाटणी करून मोकळे होणाऱ्यांनी तो विसरू नये.

नागरच्या विरुद्ध शब्द कोणता? संस्कृतात ‘ग्राम्य’. साहित्यशास्त्रात ग्राम्यत्व हा चक्क दोष आहे. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटानं काव्यप्रकाशात त्याचं उदाहरण दिलं ते ‘कटि’ या शब्दाचं. नायिकेचं वर्णन उंची उपमांनी सजवलंय आणि मध्येच ‘कटी’! असा गावरान शब्द सभ्य कवितेत शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. आज मराठी कवितेत कटी हा शब्द आला तर तो जुना, भारदस्त वाटतो. बोलताना आपण कंबर म्हणतो. आणि तुकोबांनी तर ‘कर कटावरी ठेवोनिया’ म्हणत त्याच शब्दाचं भाऊबंद विटेवरच्या विठ्ठलाच्या ध्यानात बसवलं. नागर काय आणि ग्राम्य काय, हे शब्दाच्या अंगात नसतं. कोणत्या काळी कोणत्या सभेत तो उच्चारला जातो, त्यावर ठरतं.

मराठीनं गावाच्या बाजूला तर केवढी छटांची रांग लावली आहे. गावंढळ आणि खेडवळ या शिव्याच. ग्राम्य म्हणजे अश्लीलतेकडे झुकणारं. ग्रामीण हा कागदावरचा, कुणाला न दुखावणारा शब्द: ग्रामीण रुग्णालय, ग्रामीण पोलीस. ‘गावठी’चं मात्र सांगता येत नाही. गावठी भाषा म्हटलं की नाक मुरडलेलं असतं, गावठी कट्टा म्हटलं की पोलीस येतात, आणि गावठी कोंबडी म्हटलं की जेवायला कधी यायचं ते विचारलं जातं. ‘गावरान’ तर आता थेट भाव वाढवणारा शब्द झालाय. गावरान तूप, गावरान अंडी, गावरान मेथी. हे शब्द गावात कमी आणि शहरातल्या सोसायटीच्या गेटवर जास्त दिसतात. गावातली माणसं मेथीला मेथी म्हणतात.

शहराच्या बाजूलाही शब्द असे फिरलेत. ‘शिष्ट’ म्हणजे मुळात सुशिक्षित, सदाचारी. शिष्टाचार, शिष्टमंडळ या शब्दांत तो मान टिकून आहे. पण ‘नवीन शेजारीण जरा शिष्टच आहे’ म्हटलं की तिच्याकडे विरजण मागायला कोणी जात नाही. ‘नागर’ शिष्टच्या या वाटेनं गेला नाही. बोलण्यात आलाच नाही, म्हणून शिवी व्हायचा राहिला असावा.

आता समीक्षेतला वापर. ‘नागर रंगभूमी’ हा पक्का रुळलेला शब्दप्रयोग आहे. 1843 साली विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, तो तिचा आरंभ मानतात. हा खेळ झाला कुठे, तर सांगलीला, एका संस्थानाच्या गावी. त्याउलट तमाशा बघा. मुंबईत लालबागचं हनुमान थिएटर, पुण्यात आर्यभूषण. समोर बसलेला प्रेक्षक गिरणीतली पाळी संपवून आलेला कामगार. शहराच्या काळजात तमाशा वाढला, तरी त्याची नोंद ‘लोककला’ म्हणूनच झाली. सांगलीचं नाटक नागर आणि लालबागचा फड अनागर.

मग ‘नागर’नं इथे पत्ता सांगितला का? नाही. प्रेक्षक कोण, आश्रय कुणाचा, भाषा कोणत्या घरातली, हे सांगितलं. आणि ते सांगताना जातवर्गाचा उल्लेख शिताफीनं टाळलाही. कवितेतही तसंच. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 साली आला. मराठीत त्याच्याइतकी मुंबईतली कविता शोधून सापडणार नाही. कामाठीपुरा तिच्यात ओळीओळीला आहे. ती शहरी आहे, महानगरी आहे, पण तिला ‘नागर कविता’ म्हणायला कोणाची जीभ वळत नाही. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहीत होते, तरी त्यांना नागर लेखकांच्या पंगतीत पान मांडलं गेलं नाही. म्हणून एखाद्या परीक्षणात ‘नागर संवेदना’ असं वाचलं की मी मनात आधी विचारतो, कुणाची? बहुतेक वेळा उत्तर ‘मध्यमवर्गीय, पांढरपेशा’ असं येतं. तसं असेल तर तसं लिहावं. शब्द आडपडद्याला वापरू नये.

कारभाराच्या फाट्याकडे वळलं की सूर एकदम कोरडा होतो, पण गोंधळ तिथे अधिक आहे. ‘नागरी’ या एका शब्दावर आपण दोन इंग्रजी शब्दांचं ओझं टाकलं: अर्बन आणि सिव्हिल. नागरी सहकारी बँक, नागरी वस्ती, 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा, इथे अर्थ अर्बन. नागरी विमान वाहतूक, नागरी सेवा, समान नागरी कायदा, नागरी हक्क संरक्षण अधिनियम, इथे अर्थ सिव्हिल. म्हणजे लष्करी नव्हे ते, किंवा सर्वसामान्य जनतेचं ते. मेळघाटातल्या शिधापत्रिकेवरचा ‘नागरी’ हा या दुसऱ्या गटातला. लोकांना शहरी धान्य मिळत नाही, लष्कराखेरीजच्या जनतेचा पुरवठा मिळतो.

पूर्वी या दुसऱ्या अर्थाला मराठीत चांगला शब्द होता: मुलकी. मुलकी अधिकारी, मुलकी सत्ता. कोर्टात ‘दिवाणी’ अजूनही टिकून आहे. दिवाणी दाव्याला ‘नागरी दावा’ म्हणायची वेळ सुदैवानं आली नाही. मुलकी मागे पडला आणि सगळा भार नागरीवर आला. ‘सिव्हिल सोसायटी’साठी कोणी नागरी समाज लिहितं, कोणी नागर समाज. मला यातलं कुठलंच फारसं पटत नाही, कारण पहिल्यानं शहरात राहणारे लोक डोळ्यांपुढे येतात आणि दुसऱ्यानं गुजरातेतला नागर ब्राह्मणांचा समाज. वाक्यात थोडी जागा असेल तर ‘लोकांच्या स्वयंसेवी संस्था-संघटना’ असं लिहावं.

‘नागरिक’नं मात्र नगराशी नातं पूर्ण तोडलं. संविधानाच्या दुसऱ्या भागात, कलम 5 ते 11 मध्ये, नागरिकत्व आहे आणि त्यात शहर-खेड्याचा संबंध नाही. गडचिरोलीतल्या पाड्यावरची बाई नागर नसेल, नागरी भागातली नसेल, नागरिक शंभर टक्के आहे. ‘सुजाण नागरिक’ या बोधवचनात मात्र जुना नागरक थोडा डोकावतो: रांगेत उभा राहणारा, कचरा डब्यात टाकणारा, हळू बोलणारा.

जनगणनेच्या भाषेत ‘नागरी’ ही निव्वळ मोजणी आहे. महापालिका, नगरपालिका, छावणी असे कायद्यानं ठरलेले भाग नागरी असतातच. त्याखेरीज एखाद्या गावाची लोकसंख्या किमान 5,000 असेल, कामकरी पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात असतील आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं राहत असतील, तर ते ‘जनगणना शहर’ धरतात. 2011 ला या हिशेबानं महाराष्ट्राची सुमारे 45 टक्के लोकसंख्या नागरी होती, देशाची 31 टक्के. जनगणना शहराची गंमत अशी की जनगणनेत ते नागरी, पण कारभार ग्रामपंचायतीचा. आठ मजली इमारतीत राहणारा माणूस सरपंच निवडतो. कायद्यानं अशा धेडगुजरी अवस्थेसाठी नगरपंचायत ठेवली आहे, 74 व्या घटनादुरुस्तीनं. पण ती होईपर्यंत वर्षं जातात.

पुणे महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली आणखी 23 गावं घेतली गेली. त्या गावांमधल्या तक्रारी ऐका. कुणी म्हणतो, ग्रामपंचायतीची घरपट्टी परवडत होती. कुणी म्हणतो, कर महापालिकेचा आणि पाणी टँकरचं. तिथे ‘नागरी सुविधा’ हा शब्द आश्वासनासारखा वापरतात आणि ऐकणारा हसतो. अशा ठिकाणच्या माणसाला नागर म्हणायचं की ग्रामीण, हा प्रश्न समीक्षकांना पडेल. त्याला स्वतःला पडत नाही. तो सकाळी आयटी पार्कात जातो आणि चैत्रात गावच्या जत्रेला वर्गणी देतो.

लिहिताना वापरायचं म्हणाल तर थोडं सांगून थांबतो. ठिकाण किंवा वस्ती सांगायची असेल तर ‘शहरी’ पुरेसं आहे, फारसीतून येऊन घरचं झालेलं. सरकारी कागदात, कायद्यात ‘नागरी’ येईल. तिथे अर्बन की सिव्हिल हे पुढच्या शब्दावरून ताडावं. ‘नागर’ राखून ठेवावा तो वळण, घडण, सफाई सांगण्यासाठी: नागर भाषा, नागर विनोद. विशेषण रूप बदलत नाही, नाम हवं तर नागरपण किंवा नागरता, ‘नागरीपणा’ नको. देवळाबद्दल लिहिताना नागर हे शैलीचं नाव आहे, तिथे शहराचा अर्थ काढू नये. अंबरनाथचं 1060 सालचं देऊळ किंवा गोंदेश्वर हे त्याच परंपरेतल्या भूमिज प्रकारातले. वैद्याच्या यादीत ‘नागर’ दिसलं तर ती सुंठ समजावी, अमरकोशात तिचं ते नाव आहे. ‘नगरी माणूस’ म्हणजे नगर जिल्ह्याचा. जिल्हा अहिल्यानगर झाला तरी तोंडातून नगरी जायला वेळ लागेल. आणि मोबाइलवर लिहीत असाल तर पाठवण्याआधी एकदा बघा. ‘नागर’वर चुकून टिंब पडलं की नांगर होतो, आणि ‘नांगर संस्कृती’वरचा तुमचा लेख कृषी पुरवणीत जायचा.